रॉडचे वजन आणि सांध्याचे वजन

सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गाळप संपले की दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो, आणि चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशन शॉपमध्ये मळीच्या टाक्यांची, रसाच्या पाइपांची कोटेशने तयार होऊ लागतात. पत्र्याचे वजन ड्रॉइंगवरून निघते. वेल्डिंगच्या रॉडचा आकडा मात्र पुष्कळदा ‘पत्र्याच्या टनाला इतके किलो’ अशा सवयीने घातला जातो.

सोलापुरात जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली, त्या काळी बॉयलर रिव्हेटने जोडले जात, आणि रिव्हेट मोजता येत असल्यामुळे अंदाजाचा प्रश्न सोपा होता. रशियात बेनार्डोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने आर्क वेल्डिंग, म्हणजे विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडणे, सुरू केले. १८८८ मध्ये स्लाव्यानोव्ह यांनी धातूचीच कांडी वितळवली. ती उघडी असल्याने विकत घेतलेले वजन आणि सांध्यात उतरलेले वजन यांत फारसे अंतर नव्हते. हे अंतर खऱ्या अर्थाने पडले ते स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांच्या लेप दिलेल्या रॉडमुळे, ज्याचे पेटंट १९०७ चे आहे. लेपामुळे सांधा सुधारला, पण लेपाचा बराचसा भाग स्लॅग, म्हणजे सांध्यावरचे कवच, होऊन हातोडीखाली झडतो, काही धातू ठिणग्यांत उडतो आणि रॉड धरणाऱ्या होल्डरमध्ये बोटभर थोटूक उरते.

एक मीटर लांबीचा, ६ मिमी पायाचा फिलेट घ्या. फिलेट म्हणजे काटकोनात टेकलेल्या दोन पत्र्यांच्या कोपऱ्यातला त्रिकोणी सांधा, आणि पाय म्हणजे त्या त्रिकोणाची पत्र्यालगतची बाजू. त्याचा छेद ६ × ६ ÷ २, म्हणजे १८ चौरस मिमी. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली तर सुमारे १४१ ग्रॅम धातू. ४ मिमी जाडीच्या, ४५० मिमी लांबीच्या रॉडमधील तारेचे वजन सुमारे ४४ ग्रॅम भरते. थोटूक आणि ठिणग्या वजा जाता प्रत्यक्षात पस्तीसेक ग्रॅम सांध्यात बसतात, म्हणून मीटरला चार रॉड. वेल्डरने ‘मजबूत होऊ दे’ म्हणून पाय ८ मिमी केला, तर धातू २५१ ग्रॅमवर जातो. पाय तिसऱ्या हिश्श्याने वाढला, खर्च मात्र पाऊणपटीहून अधिक वाढला. टनावरचा हिशेब कोसळतो तो इथेच, कारण पत्र्याच्या वजनाला हा छेद दिसत नाही.

१९५० च्या दशकात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूखालील तारेचे वेल्डिंग आले. तेथे लेप नाही, थोटूक नाही, त्यामुळे तारेचा बहुतांश भाग सांध्यातच उतरतो. रॉडच्या काळातली नासाडीची टक्केवारी तारेला लावणारे कोटेशन म्हणूनच फुगलेले निघते.

उसाच्या रोलरचे आर्किंग हा मात्र वेगळाच प्रकार आहे. गुळगुळीत झालेल्या दात्यांनी ऊस पकडावा म्हणून गाळप चालू असतानाच फिरत्या रोलरवर धातूचे थेंब टाकतात. सांधा नसल्याने छेदाचे गणित तेथे चालत नाही. मागील हंगामाचे स्टोअरचे रजिस्टरच उघडावे लागते.