मेथच्या उपचारात बक्षिसाचं काय काम?

हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, डायसल्फिरम आहेत. मेथॅम्फेटामिनच्या, म्हणजे मेथच्या व्यसनासाठी मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अजून एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. तरीही कॅलिफोर्नियातल्या काही बाह्यरुग्ण केंद्रांत या व्यसनावर चांगला गुण देणारा उपचार मिळतो. रुग्णानं लघवीचा नमुना द्यायचा, त्यात मेथ किंवा कोकेन यांसारखं उत्तेजक सापडलं नाही की काही मिनिटांत त्याच्या हाती गिफ्ट कार्ड येतं.

'व्यसन सोडायला पैसे?' हा पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडी येतोच. त्याचं उत्तर मेंदूत आहे.

मेथ चेतापेशीत शिरते आणि साठवून ठेवलेलं डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, बाहेर ढकलते. वापरलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे वाहक उलटे चालू लागतात. कोकेनचा शरीरातला अंश सुमारे तासाभरात निम्मा होतो, मेथला त्यासाठी दहा-बारा तास लागतात. इतका मोठा लोंढा वारंवार आला की पेशी स्वतःच आवरतं घेतात आणि वाहकांची संख्या घटते. मग जेवण, गप्पा, मुलांचं हसणं यांतून मिळणारा नेहमीचा आनंद पोचेनासा होतो. मेंदू-संशोधक नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मेथ सोडलेल्या मोजक्या लोकांच्या मेंदूचं चित्रण प्रसिद्ध केलं. वर्ष-सव्वा वर्ष दूर राहिल्यावर वाहक बऱ्याच प्रमाणात परतले होते, पण स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती.

म्हणजे मेंदू सावरतो, पण सावकाश. आणि 'वर्षभरानं तुझं आयुष्य सुधारेल' हे आश्वासन आज संध्याकाळच्या तलफेपुढे टिकत नाही. म्हणून फायदा आजच आणि ठोस मिळायला हवा. व्हरमाँट विद्यापीठातले स्टीफन हिगिन्स यांनी ही कल्पना कोकेनच्या रुग्णांवर तपासली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत दोन्ही गटांना समुपदेशन होतं, एका गटाला शिवाय व्हाउचर. चोवीस आठवडे उपचार पूर्ण करणारे व्हाउचरच्या गटात ७५ टक्के होते, दुसऱ्या गटात ४०.

कॅलिफोर्नियानं २०२३ पासून गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात हा उपचार आणला. पहिले बारा आठवडे आठवड्यातून दोनदा तपासणी, पुढचे बारा आठवडे एकदा. हे अंतर विचारपूर्वक ठरवलेलं आहे, कारण मेथ लघवीत दोन ते चार दिवस दिसते. सुरुवात दहा डॉलरपासून होते आणि सलग यश मिळालं की रक्कम चढत जाते. वर्षाची कमाल मर्यादा ५९९ डॉलर. एखादा नमुना मेथ दाखवतो तेव्हा त्या दिवशीचं कार्ड मिळत नाही, पुढची रक्कम पुन्हा तळापासून सुरू होते, पण रुग्णाला घालवून देत नाहीत. मला या रचनेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घसरलेला माणूस लाजेनं येणंच बंद करतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यानं यायला हवं असतं.

'ही लाच झाली' हा आक्षेप मला पटत नाही. केमोथेरपीवर लाखो खर्च होताना कुणी रुग्णाची लायकी काढत नाही. खरी उणीव वेगळी आहे: बक्षिसं थांबल्यावर परिणाम ओसरू शकतो. म्हणून समुपदेशन, झोप, काम, घर हे सगळं त्याच काळात उभं करावं लागतं.

औषधांचा शोधही चालू आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४०३ जणांच्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र दिल्या. १३.६ टक्के रुग्णांना गुण आला, नकली औषध दिलेल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण छोटा.

मेथ थांबवल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे प्रचंड झोप, भूक आणि खिन्नता असते. दारू एकदम तोडल्यावर येऊ शकणाऱ्या जीवघेण्या झटक्यांचा धोका इथं सहसा नसतो, म्हणूनच अनेकांना घरी राहून उपचार घेता येतात. पण आत्महत्येचे विचार, भास-संशय किंवा छातीत दुखणं असेल तर थेट रुग्णालयच गाठायला हवं.

मुंबई-पुण्यात जास्त ऐकू येणारं 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन. ते मेथ नव्हे, पण त्याच उत्तेजकांच्या कुळातलं, आणि त्याच्यावरही मान्यताप्राप्त औषध नाही. पोलिसांच्या भीतीनं कित्येक घरं डॉक्टरांकडे जायचं टाळतात. त्यांना हे माहीत असावं, की अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. केंद्र मान्यताप्राप्त आहे ना, हेही आधी विचारावं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन नातेवाइकांनी केला तरी चालतो.