दिराशी लग्न केले तरच : सैनिकपत्नीचा पुनर्विवाह आणि निवृत्तिवेतन

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. लष्करी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियमही दीर्घकाळ याच समजुतीने चालले. विधवेने दुसरे लग्न केले की रक्कम थांबे. नोव्हेंबरमध्ये बँकेच्या खिडकीशी हयातीचा दाखला देताना ‘मी पुनर्विवाह केलेला नाही’ या ओळीखाली सही किंवा अंगठा उमटवावा लागे, तो त्यामुळेच.

या नियमाला अपवाद एकच होता आणि खरा गुंता त्यातच आहे. विधवेने मृत पतीच्या भावाशी लग्न केले आणि ती इतर पात्र वारसांसह ‘सामायिक जीवन’ जगत राहिली किंवा त्यांच्या पोषणाला हातभार लावत राहिली, तर निवृत्तिवेतन चालू राही. सामायिक जीवन म्हणजे एक छप्पर, एक चूल की नुसता महिन्याचा मनिऑर्डरचा हप्ता, याचा उलगडा शब्दांतून होत नाही. पंजाब-हरियाणात दिराने विधवा वहिनीवर चादर घालून तिच्याशी लग्न करण्याची रीत जुनी असल्याने ही अट तिकडच्या घरांना सोयीची होती. महाराष्ट्रात अनेक जातींत पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, लागत असे, पण तो दिराशीच लागावा असा आग्रह नव्हता. पैसा घरात राहावा म्हणून बाईनेही घरातच राहावे, असा या अटीचा सरळ अर्थ होतो.

कारगिलच्या युद्धानंतर, ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने चित्र बदलले आणि त्याचा लाभ १ जानेवारी १९९६ पासून धरला गेला. युद्धात मृत्यू आल्यास मिळणारे उदारीकृत निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतके असते. आता पुनर्विवाहानंतरही मुलांना सांभाळणाऱ्या विधवेला ते पूर्ण मिळू लागले. न सांभाळल्यास तिच्याकडे साधारण दराइतका, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांचा हिस्सा राहतो आणि उरलेली रक्कम मुलांकडे जाते. साधारण कुटुंब निवृत्तिवेतनात मात्र २००६ पासून एवढीच सवलत मिळाली, की निपुत्रिक विधवेचे निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतरही चालू राहील, पण तिचे इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले पाहिजे. नोकरी करणारी तरुण विधवा यात सहसा बसत नाही.

विशेष म्हणजे शौर्यपदकाबरोबरच्या मासिक भत्त्याला दिराची अट त्यानंतरही चिकटून राहिली. नवऱ्याने जीव देऊन मिळवलेल्या पदकाचा भत्ता पत्नीला मिळत राहावा, तर तिने लग्न कोणाशी करावे हे सरकारने ठरवावे, हा प्रकार नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने संपला.

त्यानंतर तक्रारीची दिशा फिरली. सून दुसऱ्या घरी गेल्यावर म्हातारपणी आमचे काय, असा प्रश्न काही मृत जवानांचे आईवडील विचारू लागले असून, निवृत्तिवेतनाची पत्नी आणि आईवडिलांत वाटणी व्हावी, अशी त्यांची मागणी आहे.