कोजन आणि डिस्टिलरी आहे म्हणून कारखाना चक्राकार होत नाही

साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक वाक्य हमखास भेटतं: ‘आपला कारखाना चक्राकार अर्थव्यवस्थेचं आदर्श उदाहरण आहे.’ खाली पुरावा म्हणून यादी असते. सहवीजनिर्मिती (कोजन), डिस्टिलरी, इथेनॉल, प्रेसमडचा, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचा, गॅस. यादी खरी असते, पण तिच्यातून सिद्ध होतं ते एवढंच की कारखाना उपपदार्थांतून पैसे काढतो. पैसे काढणं वाईट नाही, उसाचा दर त्यातूनच निघतो. पण उपपदार्थ विकणं वेगळं आणि चक्र पुरं करणं, म्हणजे शेतातून आलेलं परत शेतात पोचवणं, वेगळं. या दोन्हींची सरमिसळ झाली की चुकीचा प्रकल्प मंजूर होतो.

उपपदार्थांचं गणित ऊसपट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको. टनभर उसातून २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो, त्यात निम्मं पाणी. मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, चार टक्क्यांच्या आसपास, प्रेसमड तीन ते चार टक्के. बगॅस बॉयलरला, मळी डिस्टिलरीला, प्रेसमड शेताला किंवा गॅसला.

बगॅस जाळून वीज करणं ही अपारंपरिक ऊर्जा आहे आणि उत्तम आहे. पण जाळलेला बगॅस एकदाच जळतो. त्याला चक्राकार म्हणायची काही गरज नाही. ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’चंही तेच. सांडपाणी गेटबाहेर गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले क्षार आवारात ढिगाने पडून असतील, तर नदी वाचली पण चक्र काही झालं नाही.

खरी मेख इथे आहे. साखरेत आणि इथेनॉलमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन याखेरीज काही नसतं, आणि हे तिन्ही ऊस हवेतून आणि पाण्यातून घेतो. म्हणजे शेतकऱ्याने पिशव्या विकत आणून टाकलेलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) कारखान्याच्या मुख्य मालात जातच नाही. ते उरतं शिल्लक पदार्थांत. म्हणून ‘आमचा कारखाना चक्राकार आहे’ असं कुणी म्हणालं की एकच विचारावं: शेतातून आलेला पालाश परत शेतात किती गेला?

तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. रस शुद्ध करताना चुना घातला की स्फुरदाचं कॅल्शियम फॉस्फेट बनतं आणि ते गाळाबरोबर खाली बसतं, म्हणून स्फुरद बहुतांशी प्रेसमडमध्ये सापडतो. पालाश विरघळलेलाच राहतो. तो रसातून मळीत आणि मळीतून स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीत अल्कोहोल काढून उरलेल्या आणि लोक ज्याला मळीचं पाणी म्हणतात त्या सांडपाण्यात येतो. नत्राचं दुखणं वेगळं: जिथे जाळाल तिथे तो हवेत जातो, आणि कुठल्याही चिमणीतून परत आणता येत नाही.

आकडे घालून पाहू. रोज ५,००० टन गाळपाचा कारखाना १५० दिवस चालला, तर ऊस साडेसात लाख टन. चार टक्क्यांनी मळी ३०,००० टन. मळीत पालाश साडेतीन टक्के धरला (आपल्या प्रयोगशाळेचा आकडा घालावा, तो उसाच्या जातीनुसार आणि जमिनीनुसार बदलतो), तर १,०५० टन पालाश होतो. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या नेहमीच्या खतात ६० टक्के पालाश असतो. त्या हिशेबाने हे १,७५० टन म्युरेट झालं, म्हणजे ५० किलोच्या ३५,००० पिशव्या. आणि म्युरेट देशात जवळपास सगळं आयात होतं. एवढा माल दर हंगामात काळ्या पाण्यातून आपल्याच आवारातून वाहत असतो.

तो परत शेतात न्यायच्या मुख्य वाटा दोन. पहिली, स्पेंटवॉश आणि प्रेसमड यांचं कंपोस्ट. टनभर प्रेसमड ४५ ते ६० दिवसांच्या फेरीत साधारण अडीच ते तीन घनमीटर स्पेंटवॉश पितो. वरच्या कारखान्यात साडेतीन टक्क्यांनी प्रेसमड २६,२५० टन, म्हणजे अडीचच्या मापाने ६५,००० घनमीटरच्या वर स्पेंटवॉश जिरेल. टन मळीला २५० लिटर अल्कोहोल आणि लिटरमागे १० लिटर स्पेंटवॉश धरला तर तयार होतो ७५,००० घनमीटर. आधी बायोगॅस काढून मग पाणी आटवलं तर मेळ बसतो. गॅस काढल्याने पालाश कमी होत नाही, फक्त कार्बन जातो. मात्र बाहेरची मळी आणून डिस्टिलरी वाढवली की मेळ मोडतो. मग कंपोस्ट यार्डात पाणी जास्त मारलं जातं, रास आतून चिखल राहते, हवा न मिळाल्याने कुजण्याऐवजी आंबते आणि यार्डाखालच्या विहिरी काळ्या होतात. पावसाळ्यात तर हे काम बंदच ठेवायचं असतं.

इथे एक लबाडी नेहमी दिसते. तोच प्रेसमड सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) प्रकल्पाच्या अहवालातही धरलेला असतो. एक टन गॅसला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. म्हणजे वरच्या २६,२५० टनांतून वर्षाला जेमतेम १,०५० टन गॅस. हा प्रेसमड गॅसला गेला तर कंपोस्टला काय उरलं? दोन्ही अहवाल एकाच टेबलावर शेजारी ठेवून वाचा, मग कळतं. गॅस प्रकल्प चक्रात बसतो, पण गॅस काढून उरलेली त्याची पातळ स्लरी शेतात गेली तरच. ती बहुतेक पाणीच असते, लांब नेणं परवडत नाही. स्क्रू प्रेसने घन भाग वेगळा करून पाच-दहा किलोमीटरच्या आत द्रवरूप खत देण्याची सोय नसेल, तर तो नुसता गॅसचा धंदा आहे. शिवाय गंधकाची धुरी देणाऱ्या कारखान्याच्या प्रेसमडमधून गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो, त्यामुळे तो काढून टाकणाऱ्या स्क्रबरवर काटकसर करू नये. आणि हंगाम पाच महिन्यांचा, प्लांट बारा महिन्यांचा. उघड्यावर साठवलेला प्रेसमड आतून तापतो आणि महिन्यागणिक त्याचा गॅस घटत जातो.

दुसरी वाट बॉयलरची. स्पेंटवॉश आटवून ५५ ते ६० टक्के घनतेवर आणायचा आणि जाळायचा. नत्र गेला, पण पालाश राखेत उरतो. या राखेला खत नियंत्रण आदेशात ‘मळीपासूनचं पोटॅश’, म्हणजे पीडीएम, म्हणून जागा आहे आणि किमान १४.५ टक्के पालाशाची अट आहे. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना द्यायचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. बिघडतं ते जोड-इंधनावर. बॉयलर पेटता ठेवायला कोळसा जास्त मारला की कोळशाची राख मिसळते आणि १४.५ चा आकडा गाठता येत नाही. मग ती राख खड्डे भरायला किंवा वीटभट्टीला जाते. विटेवर पांढरे क्षार फुलतात, खड्ड्यातली राख पावसाने पाझरून विहिरीचं पाणी खारं करते, आणि ३५,००० पिशव्यांचा पालाश फुकट जातो. जोड-इंधन बगॅसच ठेवावं, ईएसपीची (चिमणीच्या धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राची) बारीक राख आणि तळाची राख वेगळ्या हॉपरमध्ये घ्यावी. पालाशाचे क्षार कमी तापमानाला वितळून सुपरहीटरच्या नळ्यांवर चिकटतात, त्यामुळे सफाईचे बंद दिवस वेळापत्रकात आधीच धरावेत. राख ओल धरते. दाणेदार केल्याशिवाय पिशवीत भरली तर आठवड्यात ढेकूळ.

आता शेतावर. आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाला शिफारस हेक्टरी १७० किलो पालाशाची. म्युरेटने ती पावणेसहा पिशव्यांत भागते, १४.५ टक्क्यांच्या राखेला साडेतेवीस लागतात. चौपट वाहतूक. म्हणून ही राख दूरच्या खत कंपनीला विकण्यापेक्षा सभासदाच्या बांधावर देणं जास्त शहाणपणाचं: ऊस उतरवून रिकामा परतणारा ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात उभाच असतो. निम्मी लागणीला, निम्मी मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला माती चढवताना. ऊसबिलातून वजावट लावली की वसुलीचा प्रश्नही राहत नाही.

पाचटाबाबत, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांबाबत, मत ठाम आहे. पाचटाच्या गासड्या बांधून बॉयलरला आणण्याचं फॅड थांबलं पाहिजे. हेक्टरी आठ-दहा टन पाचटात पालाश एक टक्क्याच्या जवळपास असतो, म्हणजे शंभरेक किलो, शिवाय नत्र ०.४२ ते ०.५० टक्के. बॉयलरमध्ये नत्र उडून जातो आणि पालाश व क्लोरीन मिळून नळ्या खातात. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) कुट्टी करून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं, तर हा माल एक मीटरही हलवावा लागत नाही. कारखान्याने यात फक्त कुट्टी मशीन पुरवावं.

हिशेब ठेवायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रयोगशाळेत पालाश मोजणारा फ्लेम फोटोमीटर असतोच, नसला तर घ्यावा. मळी, प्रेसमड, स्पेंटवॉश, दोन्ही राखा आणि कंपोस्ट यांचा रोज थोडा नमुना काढून महिन्याचा एकत्र नमुना तपासावा, वजनकाट्याच्या पावत्यांशी गुणावा. मळीत आलेला पालाश एका बाजूला, शेताकडे गेलेल्या गाड्यांतला दुसऱ्या बाजूला. पावतीवर ‘राख: विल्हेवाट’ असं लिहिलेल्या गाड्या तिसऱ्या रकान्यात टाकाव्यात, आणि अहवाल छापण्याआधी तो रकाना संचालक मंडळासमोर ठेवावा.