हातोडीच्या ठोक्यावर किती भरवसा?

मज्जासंस्थेची तपासणी म्हटली की गुडघ्यावर मारलेली हातोडी आठवते. ठोका बसतो, पाय उडतो आणि केसपेपरवर झटक्याच्या जोराचा आकडा, ‘टू प्लस’, लिहिला जातो. हा आकडा कितपत खरा, हा प्रश्न या तपासणीइतकाच जुना आहे.

1875 साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात गुडघ्याच्या झटक्याचं वर्णन केलं, तेही स्वतंत्रपणे. मतभेदही तिथूनच सुरू झाले. एर्बच्या मते ही मज्जारज्जूतून फिरून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स) होती. वेस्टफालला वाटे, स्नायू ताणला जाऊन थेट आखडतो. टेबीज डॉर्सॅलिस या सिफिलिसजन्य आजारात हा झटका नाहीसा होतो, हे लक्षात आल्यावर तपासणीचं महत्त्व झपाट्याने वाढलं. यंत्रणेबाबत मात्र एर्बच बरोबर ठरला.

तपासणी रुळली तशा तिच्या खोडीही कळू लागल्या. 1885 मध्ये बुडापेस्टच्या एर्नो येंद्राशिकने दाखवलं की रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायला लावलं, तर न दिसणारा झटकाही दिसू लागतो. म्हणजे ‘रिफ्लेक्स नाही’ असं लिहिण्याआधी ही युक्ती करून पाहिली का, हे विचारायलाच हवं. 1887 मध्ये अमेरिकेतल्या वॉरेन लोंबार्डने एकाच निरोगी माणसाचा झटका थकवा, झोप, भावना यांनुसार कमीजास्त होतो हे मोजून दाखवलं. हातोडीसुद्धा उशिरा आली: खास रिफ्लेक्ससाठीची टेलरची त्रिकोणी हातोडी 1888 ची.

एवढं माहीत असूनही परीक्षकांचं एकमेकांशी किती जुळतं हे मोजायला पुढचं शतक संपत आलं, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. 1993 मध्ये झटक्याचा जोर मोजण्यासाठी शून्य ते चार अशी पाच पायऱ्यांची, अमेरिकेच्या मज्जासंस्था-संशोधन संस्थेच्या नावाची एनआयएनडीएस श्रेणी सुचवली गेली. 1996 च्या एका अभ्यासात ती बऱ्यापैकी विश्वसनीय ठरली. पण 1998 मध्ये डच न्यूरोलॉजिस्टनी ती आणि मेयो क्लिनिकची नऊ पायऱ्यांची श्रेणी पारखली, तेव्हा परीक्षकांमधली सहमती (कप्पा; 1 म्हणजे पूर्ण सहमती, 0 म्हणजे निव्वळ योगायोगाइतकीच) 0.35 च्या वर गेली नाही. एकाचा ‘वन प्लस’ दुसऱ्याचा ‘टू प्लस’ होत होता.

तळपायाच्या रिफ्लेक्सची कथाही अशीच. योझेफ बाबिन्स्कीने 1896 मध्ये तो अगदी छोट्या टिपणात मांडला: तळव्याची कड खरडली की अंगठा वर जाणं हे मेंदू-मज्जारज्जूच्या मार्गातल्या बिघाडाचं चिन्ह. पण 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याबाबत डॉक्टरांची सहमती 0.30 भरली, पाऊल जमिनीवर भराभर आपटायला सांगून वेग पाहणाऱ्या साध्या चाचणीची 0.73. अभ्यास लहान होता, दहा डॉक्टर आणि दहा जणांचे पाय, तरी फरक ठळक होता.

म्हणूनच अनुभवी न्यूरोलॉजिस्ट आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक शोधतात. दोन्ही घोट्यांचे झटके सारखेच मंद असतील तर ते वयामुळेही असू शकतं. एकाच बाजूचा झटका येत नसेल आणि त्याच पायाची ताकद किंवा संवेदनाही कमी असेल, तर पाठीच्या मणक्यातली दबलेली नस शोधायला लागायचं.