पार्श्वभूमी: न्यूटची टाकी आणि पुण्याचा उन्हाळा

पुण्यात फिश टँक घ्यायला गेलं की दुकानदार न विचारता हीटर पुढे करतो. गप्पी, एंजल, फायटर ही सगळी उष्ण प्रदेशातली मंडळी, त्यामुळे त्याचंही बरोबरच. न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर. पाण्यातल्या न्यूटचं मात्र नेमकं उलटं असतं. त्याला साधारण 16 ते 20 अंशांचं पाणी मानवतं, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो.

या पेचाचं मूळ टाकीच्या जन्मातच आहे. 1850 साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता टिकवून दाखवलं. 1853 मध्ये रीजंट्स पार्कात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि काचेची टाकी दिवाणखान्यात आली. तिच्यात गावतळ्यातले न्यूटही असत. तिथल्या हवेत पाणी आपसूकच थंड राही, म्हणून गारव्याचा विचार करायची वेळच कुणावर आली नाही. विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींनी पुढे 1890च्या सुमारास वेगळे केले. आज नवी टाकी काही आठवडे प्राणी न सोडता नुसत्या पाण्यावर चालवतात, ती याच जिवाणूंसाठी.

न्यूटचा चुलतभाऊ, एरवी जन्मभर कल्ल्यांसह पाण्यातच राहणारा अ‍ॅक्झोलॉटल 1864 मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला पोहोचला. तिथे प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे त्याची वीण झाली आणि काही पिल्लं कल्ले टाकून चक्क जमिनीवर आली! आजच्या पाळीव अ‍ॅक्झोलॉटलांचा बराचसा वंश त्याच खेपेतला मानतात. त्याचं मूळ घर मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचं, उंचावरचं थंड पाणी.

सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ (बिनपायांचे उभयचर) आहेत, पण शेपटीवाला उभयचर नाही. आपल्याकडचे न्यूट दार्जिलिंग आणि ईशान्येच्या डोंगरांत राहतात. त्यामुळे पुण्यात या प्राण्याचा पिढीजात अनुभव नाही आणि माशांचेच नियम त्याला लावले जातात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, न्यूट खाणं सोडतो, कातडीवर पांढरा बुरशीचा पुंजका दिसू लागतो. टाकीवर छोटा पंखा लावला तर एप्रिलच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरतं. तेवढ्याने भागत नाही. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान खाली-वर होतं, तेही वाईटच. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा दिवसरात्र एसीची खोली परवडत नसेल, तर न्यूट आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढणं त्या मानाने सोपं. पण ते विसरून चालत नाही, कारण हा प्राणी कातडीनेही श्वास घेतो.

नवा न्यूट काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्यामागेही इतिहास आहे. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर, म्हणजे न्यूटचे नातलग, मरू लागले, तेव्हा 2013 मध्ये त्यामागची नवी बुरशी ओळखली गेली. ती मूळची आशियातली. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली असावी असं संशोधकांना दिसलं. 2016 मध्ये अमेरिकेने सॅलॅमँडरच्या 201 जातींची आयात थांबवली.

आपल्याकडचा हिमालयी न्यूट 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळायचा प्रश्नच नाही. अ‍ॅक्झोलॉटल 1975 पासून साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून 2024च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात.