पहिले विमान किती वेगाचे घ्यावे?

रिमोटचे विमान बघायला आलेला गिऱ्हाईक बहुतेक वेळा दारातच विचारतो, "पात्रांव, हे किती स्पीडने जाते?" खोक्यावर आकडा छापलेला असतो, तो आम्ही वाचून दाखवतो. मग आमचा प्रश्न असतो, उडवणार कुठे? गावच्या फुटबॉल मैदानावर, हे उत्तर ठरलेले.

फुटबॉलचे पूर्ण मैदान साधारण 100 मीटर लांब. ताशी 50 किलोमीटरने जाणारे विमान या गोलपासून त्या गोलपर्यंत 7 सेकंदांत पोचते, ताशी 30 ने गेले तर 12 सेकंदांत. ताशी 100 वाले साडेतीन सेकंदांतच मैदान संपवते आणि पलीकडे माड असतात. नवशिक्याचा खरा गोंधळ विमान त्याच्याकडे तोंड करून येऊ लागले की होतो. रिमोटची काडी उजवीकडे दाबली की विमान बघणाऱ्याच्या डावीकडे वळते. हे डोक्यात बसेपर्यंत हात अडखळतो, एखाद-दोन सेकंद जातात. तेवढे सेकंद देणारे विमान पहिले घ्यावे.

म्हणून आमच्याकडे ट्रेनरच्या, म्हणजे शिकण्यासाठीच्या विमानाच्या, चिठ्ठीवर दोन वेग लिहिलेले असतात. वरचा कमाल, खालचा किमान. आधी खालचा वाचा.

किमान वेग म्हणजे काय

विमान हळू करत गेलात की उंची टिकवण्यासाठी एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी) ओढावा लागतो आणि पंख हवेला जास्त तिरपा होतो. एका मर्यादेनंतर पंखाच्या पाठीवरून जाणारी हवा चिकटून वाहत नाही, सुटते. उचल एकदम घटते, बहुधा एक पंख आधी पडतो आणि विमान नाक खाली घालते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, हे आम्हाला रोज कोणाला तरी सांगावे लागते.

ज्या वेगाला हे होते तोच किमान वेग, आणि तो घरीही काढता येतो. विमान बॅटरीसकट वजन करा, ग्रॅममध्ये. पंखाची लांबी आणि रुंदी डेसिमीटरमध्ये (10 सेंटीमीटर म्हणजे 1) मोजून गुणा. वजनाला त्या क्षेत्रफळाने भागा, आलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि 4.4 ने गुणा. उत्तर येते ताशी किलोमीटरमध्ये. ठोकताळाच आहे, पंखाच्या आकाराप्रमाणे थोडे इकडेतिकडे होईल, पण दुकानात उभे राहून निर्णय घ्यायला पुरतो.

उदाहरणार्थ, 120 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर रुंद पंखाचा, 800 ग्रॅमचा फोमचा ट्रेनर. दर चौरस डेसिमीटरला 33 ग्रॅम, म्हणून स्टॉल ताशी 25 च्या आसपास. असे विमान ताशी 35 ते 45 ने निवांत फिरते आणि उतरवताना ताशी 32-33 धरले की झाले. उतरण्याचा वेग स्टॉलच्या साधारण 1.3 पट ठेवावा.

आता शोकेसमधले ते लढाऊ विमान. सगळ्यांना तेच हवे असते, आम्हालाही आवडते. पंख जवळपास तेवढाच, पण वजन 1,400 ग्रॅम. स्टॉल ताशी 33-34 वर जातो, म्हणजे ट्रेनर ज्या वेगाने सुखाने उतरतो त्या वेगाला हे पडायला टेकलेले असते. उतरवायचे ताशी 44 ने. पहिल्याच महिन्यात ते आमच्याकडे दोन तुकड्यांत दुरुस्तीला यावे असे आम्हाला वाटत नाही. दुरुस्तीचे पैसे मिळतात ते वेगळे.

"जास्त वेळ उडावे" म्हणून मोठी बॅटरी घालणाऱ्यांसाठी: 800 ग्रॅमच्या विमानात 150 ग्रॅम वाढले तर किमान वेग 9 टक्क्यांनी वाढतो. त्यातही बॅटरी पुढे सरकली तर नाक जड, मागे सरकली तर त्याहून वाईट.

वळणाचेही तसेच. 45 अंश कलवून, उंची न सोडता वळण घेतले तर स्टॉल 19 टक्क्यांनी वर जातो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. ताशी 25 चे 35 होतात, आणि तुम्ही नेमके ताशी 35 नेच उडत असता. नवी विमाने बहुतेक वळणातच पडतात ती यामुळे. जायरो (विमानाचा तोल आपोआप सावरणारा भाग) लावलेला ट्रेनर सुरुवातीच्या मोडमध्ये फार कलूच देत नाही. पहिल्या दहा-वीस उड्डाणांना तो मोड बदलू नका.

वारा

गोव्यात शिकणाऱ्याचा मोठा मास्तर वारा आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून हलकी झुळूक असते किंवा काहीच नसते. ऊन चढले की जमीन तापते, समुद्रावरून वारा आत येऊ लागतो आणि दुपारी तो सर्वांत जोरात असतो. किनाऱ्यालगत लवकर जाणवतो, सत्तरी-धारबांदोड्याकडे उशिरा आणि कमी. संध्याकाळी पुन्हा पडतो.

पंखाला कळतो तो हवेतला वेग, आपल्या डोळ्यांना दिसतो तो जमिनीवरचा. हवेत ताशी 35 ने चाललेले विमान ताशी 20 च्या वाऱ्यासमोर जमिनीवरून ताशी 15 ने सरकते, जणू टांगून ठेवले आहे. तेच वळून वाऱ्याबरोबर आले की ताशी 55 ने अंगावरून जाते. नवशिक्या दचकतो, थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करतो, एलिव्हेटर ओढतो. विमान हवेत तेवढेच हळू असते, त्यात तो आणखी हळू करतो. पुढचे आपण वर लिहिलेच आहे. वाऱ्याबरोबर येताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, थ्रॉटलच्या काडीवर ठेवा. वाऱ्यासमोर उडताना ती जिथे होती तिथेच राहू द्या.

शिकताना वारा विमानाच्या स्टॉल वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. ताशी 25 च्या ट्रेनरला ताशी 12 पर्यंत. माडाची झावळी नुसती हलते आहे तोवर ठीक, सगळा शेंडा एका बाजूला वळू लागला की विमान गाडीत ठेवा. आमचा सल्ला साधा आहे: सकाळी 7 ते 9.

खोक्यावरचा आकडा कुठून येतो

प्रॉपेलरवर 9×6 लिहिलेले असते. त्यातला 6 म्हणजे एका फेऱ्यात कागदावर 6 इंच पुढे जाणे. मिनिटाला 8,000 फेरे धरले तर ताशी 73 किलोमीटर होतात. हवेचा अडथळा धरून असला जाड पंखाचा ट्रेनर प्रत्यक्षात 55 ते 60 च करतो, तेही भरल्या बॅटरीवर. कंपन्या बहुधा पहिला आकडा छापतात. त्यात खोटे काही नाही, पण खरेही अर्धेच.

स्वतः मोजायचे तर दोन खुणा 100 मीटरवर लावा आणि विमान दोन्ही दिशांनी सरळ न्या. एकीकडे 6 सेकंद, दुसरीकडे 10 सेकंद लागले तर वेग ताशी 60 आणि 36, सरासरी 48. दोन्ही सेकंद आधी एकत्र करून भाग दिलात तर 45 येतात आणि ते चूक. आमचा इंजिनिअरिंगला असलेला पोरगाही यात फसला होता.

कुठे, केव्हा

सरद (पावसाळी) पिकाची कापणी झाल्यावर रिकामी झालेली, वायंगण (हिवाळी पीक) न लावलेली शेतजमीन उत्तम. मऊ असते आणि विमान पडले तरी नाक वाचते. मालकाला विचारून जा. सडा मोकळा असतो, पण जांभ्या दगडावर फोम टिकत नाही. समुद्रकिनारी वाळू मोटरमध्ये जाते आणि माणसेही असतात.

दाभोळी हा नौदलाचा तळ आहे आणि जानेवारी 2023 पासून मोपाही सुरू आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत आणि त्याबाहेर मोकळ्या भागात 400 फुटांपर्यंत मुभा आहे. लष्करी जागांची बंधने याहून कडक असतात. जाण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा पाहा. 2 किलोपर्यंत, बिगर-व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरून कुठेही उडवा असा अर्थ काढू नका.

चतुर्थीला विमान घेणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत धीर धरावा. पावसाळ्यात लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको.

जुने विमान घरी असेल तर बॅटरीसकट घेऊन या. काट्यावर वजन करू, पंख मोजू आणि स्टॉलचा वेग चिठ्ठीवर लिहून शेपटीला चिकटवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.