उमाह (बालीतील पारंपरिक घर)

उमाह म्हणजे इंडोनेशियातील बाली बेटावरचे सामान्य कुटुंबाचे पारंपरिक घर. ब्राह्मणाच्या घराला ग्रिया, राजघराण्याच्या घराला पुरी आणि इतर उच्चकुलीनांच्या घराला जेरो म्हणतात. बाकीच्यांचे ते उमाह. घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एका छपराखालच्या खोल्या येतात. उमाहात छपरे पाच-सहा असतात आणि त्या सगळ्यांभोवती एकच भिंत. या भिंतीच्या आत जे काही येते, उघड्या अंगणासकट, ते सगळे घर.

पर्यटनाच्या चित्रांत असे घर भातखाचरांच्या मधोमध एकटे उभे दिसते. बालीतला शेतकरी मात्र परंपरेने खाचरात राहत नाही. तो राहतो गावात, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून. खाचरात असते ती कुबू, म्हणजे अवजारे ठेवायला, गाय बांधायला, दुपारची पाठ टेकायला केलेली खोप. घर आणि शेत यांचे नाते घट्ट आहे, पण ते शेजाराचे नाही.

घराची मांडणी दिशांवर ठरते आणि या दिशा होकायंत्राच्या नव्हेत. काजा म्हणजे डोंगराकडे, केलोद म्हणजे समुद्राकडे. बेटाच्या दक्षिण भागात गुनुंग आगुंग हा पवित्र ज्वालामुखी उत्तरेकडे पडतो, म्हणून तिथे काजा उत्तर. उत्तर किनाऱ्यावर सिंगराजा शहराच्या बाजूला डोंगर दक्षिणेला, म्हणून तिथला काजा दक्षिणेकडे! कांगिन (उगवती) आणि काउह (मावळती) मात्र सगळीकडे सारख्याच. काजा आणि कांगिन यांचा कोपरा सर्वांत पवित्र. तिथे कुलदेवळांची ओळ, संगाह, उभी असते. दक्षिण बालीत हा कोपरा नेमका ईशान्येला येतो, तेव्हा देवघर ईशान्येला मांडणाऱ्या मराठी माणसाला ते ओळखीचे वाटेल. उलट टोकाला, केलोदकडे, तेबा हे परसू: केळी, नारळ, बांबू, डुकरांचा गोठा आणि केरकचरा.

मधल्या मोकळ्या अंगणाला नताह म्हणतात. त्याच्या काजा बाजूला बाले मेतेन, चारी बाजूंनी बंद असलेली इमारत. कर्त्या जोडप्याची झोपायची जागा आणि मौल्यवान वस्तूंची कोठी तिथे. पूर्वेकडचे बाले दांगिन बव्हंशी उघडे, खांबांवर उभे. कानशीने दात घासून सपाट करण्याचा संस्कार, लग्नातले विधी इथेच होतात आणि घरात मृत्यू झाला तर देहही इथेच ठेवतात. पश्चिमेचे बाले दाउह पाहुण्यांचे. स्वयंपाकघर, पाओन, केलोद बाजूला. रस्त्यावरून आत यायचे ते अंकुल-अंकुल या अरुंद दारातून, आणि दारातून शिरल्याबरोबर समोर आडवी भिंत, अलिंग-अलिंग. भूतप्रेतांना वळता येत नाही, ती सरळच जातात, असा समज आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजरही तिथेच अडते, हा त्यातला रोजचा फायदा.

मोजमाप घरधन्याच्या अंगावरून घेतात. उंडागी, म्हणजे बांधकामाचा जाणकार सुतार, त्याची देपा, अस्त आणि मुस्ती बांबूच्या काठीवर उतरवून घेतो. आपल्याकडे वाव, हात आणि मूठ आहेत तीच ही मापे. अस्त हा तर सरळ ‘हस्त’. दोन इमारतींमधले अंतर पावलांनी मोजतात आणि पावलागणिक श्री, इंद्र, गुरू, यम, रुद्र, ब्रह्मा, काल, उमा ही आठ नावे फिरवत जातात. शेवटचे पाऊल ज्या नावावर पडेल त्यावरून जागा योग्य की अयोग्य ठरते. हिशेब पुरा झाला की वर थोडे माप आणखी घालतात, त्याला पेंगुरिप म्हणतात, ‘जीव घालणारे’. हे सगळे नियम अस्त कोसल-कोसली या ताडपत्रांवरच्या परंपरेत आहेत. खांब रोवताना झाड जसे वाढले तसेच, मुळाकडचे टोक खाली, हा नियम कडक. सांधे खुंट्या-पाचरींनी आवळतात. छपराला अलांग-अलांग गवत. देवळांवर मात्र इजुक, म्हणजे ताडाच्या जातीच्या एका झाडाचे काळे केसासारखे तंतू. बांगलीजवळच्या पेंगलिपुरान गावात बांबूच्या फोडींची छपरे अजून पाहायला मिळतात. बांधून झाले तरी मेलास्पास हा विधी होईपर्यंत घर निर्जीव मानले जाते.

या घरात जन्मलेल्या बाळाची वार नारळाच्या करवंटीत घालून बाले मेतेनच्या दाराशी पुरतात, मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे. स्वयंपाक झाला की कुणी जेवायच्या आधी केळीच्या पानाचे छोटे चौकोनी तुकडे घेऊन त्यावर चिमूटभर भात ठेवतात आणि चुलीवर, पाण्याच्या रांजणाशी, दाराशी ते ठेवून येतात. आपल्या चित्राहुतीशी नाते सांगणारी ही रीत. तिथेही पहिल्या मानकरी मुंग्याच.

शेत घरात येते ते जिनेंगमधून. ही चार किंवा सहा खांबांवरची कणगी. छप्पर दोन्ही बाजूंनी फुगीर, खांबांवर उंदीर अडवायला लाकडी चकत्या, वर लोंब्यांसकट बांधलेल्या भाताच्या पेंढ्या आणि खाली बसायचा ओटा. भात देवी श्रीचा, म्हणून तिचाही मान इथे. खाचरांचे पाणी सुबाक या शेतकऱ्यांच्या संघटना वाटतात. बंधारे, डोंगरातून खोदलेले बोगदे, पाट आणि जलमंदिरे मिळून ही व्यवस्था नवव्या शतकापासून चालत आली आहे. जातिलुविहच्या पायऱ्यांच्या खाचरांसह एकूण १९,५०० हेक्टरचा सुबाक प्रदेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

जिनेंग रिकामी झाली ती हरितक्रांतीने. १९७० च्या दशकात आलेली बुटकी, लवकर पिकणारी भातजात पेंढ्या करून टिकत नाही, दाणे गळतात. म्हणून ती शेतातच झोडपून पोत्यात भरतात. जलमंदिरांतून ठरणारे पाणीवाटपाचे वेळापत्रक बाजूला सारून वर्षभर पेरण्या झाल्या तेव्हा कीडही बेसुमार वाढली. बालीचे जुने लाल भात आजही जातिलुविहला पिकते.

रिकाम्या जिनेंगला पर्यटनाने नवा धनी दिला: तिच्या आकाराच्या खोल्या आता भाड्याने मिळतात. खाचरांतल्या व्हिलांनी उमाहाचे सुटे भागच उचलले. गवती छप्पर आले, कोरीव दरवाजा आला, नताहच्या जागी पोहण्याचा तलाव आला. संगाह कुठे ठेवायचा हा प्रश्न मालकाला पडत नाही. नताह मोकळा असतो तो विधी आणि माणसांसाठी, हे मात्र तलावाला सांगता येत नाही. शिवाय एका व्हिलेने पाट वळवला की खालच्या बाजूच्या खाचरांचे पाणी तुटते.

गावातल्या उमाहातही बदल आहेत. अंकुल-अंकुलच्या पायऱ्यांच्या मधोमध आता अनेक घरी सिमेंटची उतरती पट्टी ओतलेली दिसते. तिच्यावरून स्कूटर चढते, अलिंग-अलिंगला वळसा घालते आणि नताहात बाले दाउहच्या सावलीला उभी राहते.